फोनमधल्या दुकानाला शटर हवं

परवा रात्री अकरा वाजता आमच्याकडे गिऱ्हाईक आलं. दारावर नव्हे हं, फोनवर! मी सहामाहीचे पेपर तपासत बसले होते. फोन थरथरला. "ताई, गव्हाच्या कुरड्या आहेत का?" एवढाच निरोप. माझ्या फोनने त्यांना आपलं आपणच उत्तर दिलं, "दुकान रात्री आठ वाजता बंद होते. सकाळी अकरानंतर आपल्याला उत्तर मिळेल." आणि मी पुन्हा लाल पेन उचललं.

मैत्रिणींनो, वाचायला ही गोष्ट किती साधी वाटते! पण गेल्या वर्षी याच वेळी असा निरोप आला असता, तर मी पेपर बाजूला टाकून अकोल्याला वहिनीला फोन लावला असता, तिला झोपेतून उठवलं असतं, आणि सकाळी दोघी डोळे चोळत कामाला लागलो असतो. आजचं शहाणपण मला फुकटात मिळालेलं नाही. त्याचीच ही हकिकत.

माझं सासर अमरावतीचं आणि माहेर अकोल्याचं. मी बी.ए. झालेली, एका शाळेत तासिका तत्त्वावर मराठी आणि इतिहास शिकवते. म्हणजे तास घेतला तर पैसे, सुट्टी लागली की हात रिकामे. मार्केटिंग हा शब्द आमच्या घरात कधी कोणी उच्चारला नव्हता. मार्केटिंगवाला म्हणजे गळ्यात टाय, हातात बॅग आणि दुपारी ऐन झोपेच्या वेळी बेल वाजवणारा माणूस, एवढीच माझी समजूत. तो माणूस आपणच होऊ, असं कुणी सांगितलं असतं तर मी हसले असते.

झालं असं, की अकोल्यात डाळ मिलमध्ये हिशेबाचं काम करणाऱ्या माझ्या दादाची नोकरी सुटली. दुसरी मिळाली, पण पगार कमी. वहिनी एकदा हळूच म्हणाली, "ताई, घरी बसून चार पैसे मिळाले तर मुलाच्या फीचं तरी निघेल." वहिनीच्या हाताला चव आहे आणि तिला शिकवलंय माझ्या आईने. कुरड्या, मूगवड्या, ज्वारीचे धापोडे, सरगुंडे, सगळं आमच्या वऱ्हाडी पद्धतीचं. उन्हाळ्यात अकोल्याचं ऊन पंचेचाळीस अंशांवर जातं. त्याला लोक शिव्या देतात, पण वाळवणाला याहून चांगलं ऊन शोधून सापडायचं नाही!

मी म्हटलं, "तू कर, विकायचं माझ्याकडे लागलं." आणि मी स्वतःच स्वतःची मार्केटिंग मॅनेजर म्हणून नेमणूक करून टाकली. पगार शून्य, हौस भरपूर.

सुरुवात फारच गोड झाली. व्हॉट्सअ‍ॅपचं धंद्यासाठी वेगळं ॲप २०१८ साली आलं, ते मी उतरवून घेतलं. त्यात वस्तूंची यादी, भाव, फोटो, सगळं लावता येतं. रोज एक स्टेटस टाकायचं; चोवीस तासांनी ते आपोआप पुसलं जातं. शाळेतल्या बाई, आमच्या गल्लीतल्या काकू, भिशीतल्या मैत्रिणी, असा गोतावळा जमला. अकोल्याहून अमरावतीला रोज अप-डाऊन करणाऱ्या ओळखीच्या एका ताई बडनेऱ्यापर्यंत पिशवी आणून द्यायच्या. पैसे फोनवर जमा. पहिल्या महिन्यात खर्च वजा जाता वहिनीच्या हातात साडेतीन हजार रुपये पडले. तिने त्यातून मुलाची फी भरली आणि मला पावतीचा फोटो पाठवला. तो फोटो मी अजून पुसलेला नाही.

इतिहास शिकवते म्हणून सवयीने जुन्या गोष्टी आठवतात. 'विको'चे संस्थापक केशव विष्णू पेंढारकर हे मूळचे आपल्या विदर्भातले. १९५२ साली मुंबईत त्यांनी धंदा सुरू केला, तेव्हा दंतमंजन दारोदार फिरून विकलं. १५ मार्च १९५९ रोजी गिरगावात सात जणींनी ऐंशी रुपये उसने घेऊन गच्चीवर पापड लाटले, त्याचं पुढे 'लिज्जत' झालं. त्यांच्यातल्या जसवंतीबेन पोपट यांना २०२१ साली पद्मश्री जाहीर झाली. या माणसांनी चपला झिजवल्या. आपल्याला फोनने ती पायपीट वाचवली, यात शंकाच नाही. मात्र पायपिटीबरोबर आणखी एक गोष्ट गेली, ती माझ्या फार उशिरा ध्यानात आली. दारोदार फिरणारा माणूस संध्याकाळी घरी येतो. चपला काढतो, पाय धुतो. दिवस संपतो. फोनवर विकणाऱ्या बाईचा दिवस संपतच नाही.

मला ते कळलं कुठे? एप्रिल महिन्यात मी रील बनवली. ही रील २०२० सालच्या जुलैत आपल्याकडे आली, टिकटॉकवर बंदी आल्यानंतर थोड्याच दिवसांत. स्टेटस दिसतं ते आपल्या ओळखीच्यांना. रील जाते अनोळखी माणसांपुढे. तिचं काम असतं बघणाऱ्याला थांबवून ठेवायचं. मी अकोल्याला गेले तेव्हा आई गच्चीवर बाजेवर जुनं धोतर अंथरून सोऱ्याने कुरड्या घालत होती. पहाटेचं कोवळं ऊन, पांढऱ्याशुभ्र कुरड्यांच्या रांगा, आईचे सुरकुतलेले हात. मी फोन काढला.

आई म्हणाली, "हे काय करून राहिली वं?"

"जाहिरात गं आई."

"माही कायची जाहिरात? कुरडीची कर नं."

मी ऐकलं नाही. रील टाकली. अन् ती चालली! कुठून कुठून लोकांनी पाहिली. पुणे, नागपूर, एक तर थेट दुबईहून. खाली शेकड्यांनी हृदयं, 'आज्जीची आठवण आली' वगैरे. मी तर हवेतच. पोळी तव्यावर आणि डोळे फोनमध्ये. कोणी बघितलं, कोणी काय लिहिलं, ऑर्डर कुठली आली. आठ दिवसांत ३८ किलोच्या ऑर्डरी. मी प्रत्येकीला 'हो' म्हटलं. वहिनीला विचारायचं सुद्धा सुचलं नाही.

आता हिशेब ऐका. कुरडईचा गहू तीन दिवस भिजतो. मग वाटायचा, चीक काढायचा, निवळू द्यायचा, शिजवायचा, गरम गरम सोऱ्यात भरायचा. दोन बायका, एक बाज, एक गच्ची. आठवड्याला फार तर बारा किलो. २०२२च्या जूनमध्ये आमच्या अमरावती आणि अकोला जिल्ह्यांत ७५ किलोमीटरचा डांबरी थर १०५ तास ३३ मिनिटांत टाकला आणि त्याची गिनीज बुकात नोंद झाली. रस्ता असा विक्रमी वेगात होऊ शकतो, मैत्रिणींनो. गहू मात्र तीन दिवस घेतोच.

वहिनी म्हणाली, "ताई, तुम्ही हो म्हणून टाकलं, आता मी काय करू?" तिने दुसरा घाणा घातला, रात्री जागून तिसरा घातला. आणि मे महिन्याच्या पहिल्या आठवड्यात अवकाळी पाऊस आला. दोन दिवस आभाळ. कुरड्या वरून वाळल्या, आतून ओल्या राहिल्या. एरवी आईने हातात घेऊन मोडून पाहिली असती. कटकन मोडली तर वाळली, वाकली तर अजून एक ऊन. पण मी रोज फोन करत होते, "पाठव गं, लोक विचारताहेत." तिने उन्हातून उचलून गरम गरमच पिशव्यांत भरल्या. वाफ आत कोंडली आणि बुरशी धरली.

बडनेऱ्याच्या एका बाईंनी ग्रुपवर फोटो टाकला. काळ्या ठिपक्यांची कुरडई. खाली एकच ओळ, "ताई, तुमच्याकडून ही अपेक्षा नव्हती." दोनशे बायकांच्या ग्रुपवर! मला कोणी चारचौघांत थोबाडीत मारल्यासारखं झालं. पहिला विचार कोणता आला सांगू? फोटो पुसून टाकावा. खरंच आला. ग्रुपची मालकीण मीच, मला पुसता आला असता. बोट तिथवर गेलं होतं. मग वाटलं, आपल्या वर्गात मुलाने चूक खोडून वही दाखवली तर आपण काय म्हणतो?

मी पुसला नाही. त्या घाण्यातला आठ किलो माल गेला होता, त्या सगळ्यांना लिहिलं, "चूक आमची आहे, माल फेकून द्या, पैसे परत करते." किलोला ३६० प्रमाणे २,८८० रुपये परत केले. पहिल्या महिन्याची जवळजवळ सगळी कमाई. वहिनी फोनवर रडली. तिचं काय चुकलं होतं? चूक माझ्या 'हो'ची होती, आणि मान तिची खाली गेली. आई तेवढी शांत होती. म्हणाली, "उन्हाले कोणी घाई करत नाही बाई. तुह्या फोनले सांग, हात दोनच हायेत."

त्याच दिवसांतल्या आणखी दोन गोष्टी सांगते. माल बिघडला ते पैशांनी भरून आलं. या दोन गोष्टी पैशांनी भरून येणाऱ्या नव्हत्या.

एका संध्याकाळी मी ओट्याजवळ उभी राहून भराभर उत्तरं देत होते. फोन वाजला. यांच्या फोनवरून निरोप, म्हणजे ऑफिसमधून असेल म्हणून उघडला. लिहिलं होतं, "आई मला भूक लागली आहे." हे बाहेरच्या खोलीत बसले होते आणि आमच्या नऊ वर्षांच्या लेकीने त्यांचा फोन घेऊन मला निरोप पाठवला होता! मी हसत बाहेर गेले. म्हटलं, "अगं, हाक नाही का मारायची?" ती म्हणाली, "मारली. तीनदा." ती रागावलेली नव्हती. तिने फक्त मार्ग शोधून काढला होता. आई जिथे सापडते तिथे निरोप ठेवायचा.

दुसरी गोष्ट आईची. रीलनंतर पंधरा दिवसांनी मी अकोल्याला गेले. सकाळी गच्चीवर जाते तर आई कुरड्या घालतेय, अंगावर जांभळी इरकल. ती नेसते फक्त लग्नाकार्याला. मी म्हटलं, "आई, चिकाचे डाग पडतील ना!" तर म्हणाली, "फोटो काढशीन नं तू. मागच्या खेपेले ठिगळ दिसलं लोकायले." मी पुन्हा ती रील काढून पाहिली. खरंच, खांद्याजवळ रफू होतं. आणि शंभर हृदयांच्या गर्दीत कोणा नातलगाचं वाक्य होतं, "लेक जाहिरात करते, पण आईला साडी नाही घेत वाटतं." मी ते वाचलंच नव्हतं. आईने वाचलं होतं. भाच्याकडून वाचवून घेतलं होतं. माझी आई आपल्या घरच्या गच्चीवरसुद्धा नीटनेटकी तयार होऊन बसायला लागली होती. त्या दिवशी मला कळलं, की मी कुरड्या विकायला निघाले आणि न विचारता घरच मांडून बसले.

त्या रात्री मी आणि वहिनी बसलो. धंदा बंद करायचा का? वहिनी म्हणाली, "नाही ताई. चार पैसे लागतातच. पण असं नको." मग गावातल्या कोणत्याही किराणा दुकानाकडे बघून जे सुचलं ते आम्ही केलं. दुकानाला शटर असतं. आम्ही तीन शटरं लावली.

पहिलं वेळेचं. सकाळी अकरा ते रात्री आठ. शाळेच्या तासाला फोन पर्समध्ये. धंद्याच्या व्हॉट्सअ‍ॅपमध्ये दुकानाची वेळ लिहायची सोय आहे आणि बंद असताना आपोआप उत्तर जाण्याचीही. ती फुकट आहे, फक्त लावावी लागते. शक्य असेल तर धंद्याचा नंबर वेगळा घ्या. स्वयंपाकघरात फोन ओट्यावर ठेवायचा नाही, फ्रिजवर ठेवायचा. हात पुसून, दोन पावलं चालून घ्यावा लागला, की निम्म्या वेळा आपण घेतच नाही!

गंमत म्हणजे या प्रश्नावर मोठमोठे देश कायदे करताहेत. कामाची वेळ संपल्यावर साहेबाचा फोन वा निरोप न घेण्याचा हक्क फ्रान्समध्ये १ जानेवारी २०१७ पासून कायद्यात आला, ऑस्ट्रेलियात २०२४ साली. आपल्याकडे बारामतीच्या खासदार सुप्रिया सुळे यांनी असंच खासगी विधेयक २०१८ साली लोकसभेत मांडलं आणि डिसेंबर २०२५ मध्ये पुन्हा मांडलं. खासगी विधेयकाचा कायदा क्वचितच होतो, तरी विषय बोलला गेला हे बरं झालं. पण आपल्यासारखीला त्याचा काय उपयोग? आपल्या डोक्यावर साहेबच नाही. साहेबही आपणच, नोकरही आपणच, आणि हा साहेब रात्री अकरालाही सोडत नाही. तेव्हा आपला कायदा आपणच करायचा.

दुसरं शटर मालाचं. आठवड्याला दहा किलो, बस. वहिनीने 'हो' म्हटल्याशिवाय मी कोणाला 'हो' म्हणायचं नाही. दहा किलो भरले की 'या आठवड्याचा माल संपला' असं स्टेटस. 'लिज्जत'च्या भगिनी मळलेलं पीठ मोजून घरी नेतात, लाटलेले पापड परत आणतात, ते तपासून, वजन करून घेतले जातात. मोजून काम घ्यायचं आणि तपासून द्यायचं, एवढी मोठी संस्था त्यावर उभी राहिली. आमच्याकडे तपासणीचं खातं आईकडे. तिने मोडून पाहिल्याशिवाय पिशवी बांधायची नाही, आणि उन्हातून काढलेला माल परातीत पूर्ण गार झाल्याशिवाय भरायचा नाही.

तिसरं शटर घराचं. फोटो कुरडईचा, माणसाचा नाही. माणसाचा असेल तर त्याला आधी विचारून, आणि आधी दाखवून. मुलांचे फोटो मुळीच नाहीत, शाळेच्या गणवेशातले तर नाहीच नाही. घराचा पूर्ण पत्ता सगळ्यांना दिसेल असा टाकायचा नाही. ऑर्डर पक्की झाली की त्या गिऱ्हाइकाला सांगायचा.

आता तुमच्यापैकी कोणी असा धंदा मांडणार असाल, तर थोडं व्यवहाराचं. भाव उघड लिहा. 'भाव विचारा' म्हटलं की निरोपांची माळ लागते. एकदम सगळ्यांना निरोप पाठवायची यादी केली, तर ज्यांनी आपला नंबर त्यांच्या फोनमध्ये साठवलाय त्यांनाच तो पोचतो, म्हणून पहिल्याच खरेदीला नंबर साठवायला सांगा. खाण्याच्या वस्तू विकायच्या तर अन्न सुरक्षा खात्याची नोंदणी लागते, घरून केलं तरी लागते. ती टाळू नका. आणि पैशांबाबत एक गाठ पदराला मारून ठेवा. आपल्याला पैसे मिळायचे असतील तेव्हा ना पिन टाकावा लागतो, ना समोरच्याचा कोड स्कॅन करावा लागतो. मोठी ऑर्डर देतो, सैन्यातून बोलतो, पैसे पाठवतो, हा कोड स्कॅन करा, असं कोणी म्हणालं तर फोन ठेवा. फसगत झालीच तर लाजून गप्प न बसता ताबडतोब १९३० या नंबरावर कळवा. जितकं लवकर, तितकी पैसे अडवता येण्याची आशा जास्त.

या तीन शटरांमुळे विक्री घटली का? घटली. रीलच्या दिवसांतली झुंबड आता नाही. दुबईचं गिऱ्हाईक तर नाहीच आलं परत. पण महिन्याचे तीन-साडेतीन हजार सुटतात, आणि ते परत करावे लागत नाहीत. बडनेऱ्याच्या बाईंनी दिवाळीआधी दोन किलोची ऑर्डर दिली आणि लिहिलं, "तुम्ही फोटो पुसला नाही, म्हणून परत आले." आई पुन्हा आपल्या रफूच्या साडीत बाजेशी बसते. इरकल पेटीत गेली. आणि लेक हाक मारते, एकदाच.

हो, त्या रात्री अकराच्या गिऱ्हाइकाचं सांगायचं राहिलंच. सकाळी तास संपल्यावर साडेअकराला मी त्यांना लिहिलं, "कुरड्या आहेत, रात्री उत्तर देता आलं नाही, माफ करा." त्यांचं उत्तर आलं, "अहो ताई, काही घाई नव्हती. झोपताना आठवलं म्हणून टाकून ठेवलं."

काही घाई नव्हती! आणि मी अशा निरोपांपायी वर्षभर वहिनीची झोपमोड करत होते.

तुमच्यापैकी कितीजणींच्या फोनमध्ये असं दुकान आहे? शिवणाचं असेल, डब्यांचं असेल, शिकवण्यांचं असेल. त्याला शटर कधी लावता ते जरूर कळवा. पण हो, रात्री आठच्या आत!